डेटाबेसचा स्कीमा बकेटमधून उचलणं कितपत शहाणपणाचं? (शुक्रवारी आमचे पिनकोड गायब झाले)

नाहूरकर | शनिवार, सकाळी ११:२०

मंडळी, प्रश्न तांत्रिक आहे आणि थोडं रडगाणंही आहे. काल शेवटच्या स्लो गाडीने घरी आलो, आत्ता कुठे चहा झालाय.

आमचं सॉफ्टवेअर कुरिअर आणि गोदामवाल्यांसाठी आहे. चाळीसेक ग्राहक आणि प्रत्येकाच्या तऱ्हा वेगळ्या. एकाला 'विंग आणि मजला' असा स्वतंत्र रकाना हवा, दुसऱ्याला 'जवळची खूण'. म्हणून तीन वर्षांपूर्वी कुणीतरी ठरवलं (तो आता इथे नाही, त्यामुळे सगळं खापर त्याच्यावर) की टेबलांच्या व्याख्या (कोणत्या टेबलात कोणते रकाने, म्हणजेच स्कीमा) कोडमध्ये ठेवायच्याच नाहीत. प्रत्येक टेबलाची एक यामल फाइल, सगळ्या एस-थ्रीच्या (अॅमेझॉनची क्लाउड साठवण) एका बकेटमध्ये, म्हणजे कप्प्यात. सर्व्हिस सुरू होताना त्या वाचते, डेटाबेसशी ताडून बघते, जो रकाना नसेल तो स्वतःच जोडते आणि पुढे त्याच व्याख्येवरून क्वेरी बनवते. ग्राहकाला नवा रकाना हवाय? फाइल बदला, पॉड (सर्व्हिसची चालू प्रत) रीस्टार्ट करा. बिल्ड नको, रिलीज नको.

काल संध्याकाळी इम्प्लिमेंटेशनच्या एका पोराने सोमवारची तयारी म्हणून 'पिनकोड' रकान्याचं नाव बदलून 'डिलिव्हरी पिन' केलं आणि फाइल त्याच नावाने वर चढवली. रीस्टार्ट सोमवारी करायचा होता, म्हणजे त्याच्या लेखी अजून काहीच बदललं नव्हतं. सातच्या सुमारास लोड वाढला आणि ऑटोस्केलरने सहाचे आठ पॉड केले. नव्या दोघांनी नवी फाइल वाचली, टेबलात 'डिलिव्हरी पिन' दिसला नाही, जोडून टाकला. जुने सहा जुन्या रकान्यात लिहितायत, नवे दोन नव्या. एरर कुणालाच नाही. डॅशबोर्ड हिरवागार. नऊला भिवंडीच्या गोदामातून फोन आला की लेबलांवर पिनकोड कोरे येतायत, आणि तेही सगळ्यांवर नाही, मधूनमधून.

डेटा वाचला. दोन रकान्यांतला जो भरलेला तो घेतला. आता साहेब विचारतायत की पुढे काय. टीममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो सगळं परत कोडमध्ये आणा, दुसरा म्हणतो बकेट राहू द्या, परवानग्या आवळा. तुमच्याकडे कसं करता?

---

सेमीकोलनसम्राट | ११:४१

एस-थ्रीचा जुना रोग आहे हा. फाइल ओव्हरराइट केली की काही काळ कुणाला जुनी मिळते, कुणाला नवी. इव्हेंच्युअल कन्सिस्टन्सी. यासाठी बकेट नकोच.

---

खारघरची_खार | ११:५८

सम्राट, तो रोग डिसेंबर २०२० मध्येच बरा झाला. तेव्हापासून एस-थ्रीत फाइल लिहून झाली की पुढचं वाचन नवीच फाइल देतं, यादीसुद्धा ताजी मिळते. २०१९ची ब्लॉगपोस्ट वाचून आजही लोक हेच सांगतात.

नाहूरकरांच्या गोष्टीत बकेटने काही चूक केलेली नाही. जुन्या सहा पॉडना दुपारी विचारल्यावर दुपारचं उत्तर दिलं, नव्या दोघांना सातनंतर विचारल्यावर सातनंतरचं. दोन्ही उत्तरं खरी. मला विचाराल तर पहिला प्रश्न बकेट की कोड हा नाहीच. तुमच्याकडे स्कीमाची आवृत्ती कोण ठरवतं? माणूस ठरवत नाही, रिलीज ठरवत नाही. पॉड किती वाजता झोपेतून उठला त्यावर ठरतं. ते बदललं नाही तर परवानग्या कितीही आवळा, पुढच्या शुक्रवारी परवानगी असलेला माणूस तेच करेल.

---

नाहूरकर | दुपारी १२:१०

'पॉड किती वाजता उठला त्यावर' हे वाक्य उद्या आरसीएमध्ये (घोळाच्या कारणांचा अहवाल) ढापतोय.

---

पांढरा_कांदा | १२:३४

अलिबागहून हजर. माझे वडील तलाठी होते, त्यामुळे मला सगळीकडे सातबाराच दिसतो, सांभाळून घ्या.

तुमच्या बकेटमध्ये फक्त सातबारा आहे, फेरफार नाही. सातबारा आज जमीन कुणाच्या नावावर आहे ते सांगतो. ती खरेदीखताने आली, वारसाने आली की नुसती नावातली चूक दुरुस्त झाली, हे बघायला फेरफार नोंदवही उघडावी लागते (गाव नमुना ६). प्रत्येक फेरफाराला क्रमांक असतो आणि तो क्रमांक सातबाऱ्यावर येतो. नोंद चुकली तर कुणी ती खोडत नाही, दुरुस्तीचा नवा फेरफार धरतात.

तुमच्या लोडरला दिले दोन सातबारे आणि सांगितलं, फरक शोध. आता 'पिनकोड' जाऊन 'डिलिव्हरी पिन' आला, हे नाव बदललं की एक रकाना मेला आणि दुसरा जन्मला? दोन कागद शेजारी ठेवून हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून त्याने सगळ्यात बिनधोक वाटलं ते केलं. नवा जोडला, जुन्याला हात लावला नाही. हायबरनेट या जावा लायब्ररीचा स्कीमा 'अपडेट' मोडवर ठेवला की हेच होतं. नसलेलं जोडतो, नाव बदलत नाही, काढून टाकत नाही. आमच्याकडे एका जुन्या टेबलात 'मोबाइल', 'मोबाइल नं' आणि 'मोबाइल नंबर' असे तीन रकाने सुखाने नांदतायत.

फ्लायवे, लिक्विबेस ही डेटाबेस बदलायची टूल फेरफार सांभाळतात. केलेला प्रत्येक बदल डेटाबेसमध्येच एका टेबलात, क्रमांक आणि चेकसमसकट (मजकुरावरून काढलेला ताळ्याचा आकडा). लागू झालेली फाइल मागाहून कुणी बदलली तर फ्लायवे पुढच्या वेळी चेकसम जुळत नाही म्हणून अडून बसतो. रच्याकने (बाय द वे), फ्लायवेला फाइली एस-थ्रीतून वाचायलाही सांगता येतं. म्हणजे दूर ठेवणं हा गुन्हा नाही.

---

आळशी_बगळा | १२:५०

बाडिस (बाय डीफॉल्ट सहमत). पण तो स्कीमा की ती स्कीमा?

---

पांढरा_कांदा | १२:५२

आमच्याकडे तो.

---

गिरगाव_चौपदरी | १२:५५

आमच्याकडे ती. सरकारी योजना असल्यासारखी. हलके घ्या.

---

सीप्झचं_जुनं_खोड | दुपारी १:४०

जेवण झालं, आता लिहितो. तुमच्या बकेटच्या कितीतरी आधी आम्ही हे भोगलंय. २००९च्या पावसाळ्यात अंधेरीच्या आमच्या ऑफिसची इंटरनेट लाइन गेली. सर्व्हर आतच, डेटाबेस आतच, वापरणारेही आतलेच, म्हणून कुणाला चिंता नव्हती. दुपारी कुणीतरी अॅप्लिकेशन रीस्टार्ट केलं आणि ते उठेचना.

हायबरनेटच्या मॅपिंग फाइलींत वरती डीटीडीचा (फाइलीची रचना कशी असावी ते सांगणारी फाइल) पत्ता असायचा. हायबरनेट तो पत्ता ओळखतो आणि डीटीडी स्वतःच्या जारमधूनच (जावाचं पॅकेज) काढतो, बाहेर जात नाही. पण आमच्या एका फाइलीत पत्ता किंचित वेगळा टाइप झाला होता. ओळखीचा पत्ता नाही म्हटल्यावर पार्सर निघाला नेटवर. वर्षभर प्रत्येक रीस्टार्टला ती फाइल अमेरिकेतून येत होती आणि आम्हाला पत्ताही नव्हता!

हे एकट्या आमचंच नव्हतं. डब्ल्यूथ्रीसीने (वेबची मानकं ठरवणारी संस्था) २००८च्या फेब्रुवारीत जाहीर तक्रार केली होती, की एचटीएमएल वगैरेंच्या डीटीडी मागायला त्यांच्या सर्व्हरवर दिवसाला १३ कोटींपर्यंत विनंत्या येतात. त्या फाइली वर्षानुवर्षं बदलत नाहीत. जगभरातले प्रोग्रॅम तरी दर वेळी नव्याने विचारत होते, कारण लिहिणाऱ्याला ठाऊकच नव्हतं की आपला प्रोग्रॅम बाहेर जातोय.

नाहूरकर, एकच विचारतो. बकेट मिळाली नाही तर तुमची सर्व्हिस उठते का?

---

नाहूरकर | २:०५

नाही काका. आणि आता विषय निघालाच आहे तर कबूल करतो, बकेट उत्तर व्हर्जिनियात आहे. आमचं बाकी सगळं मुंबई रिजनमध्ये. ज्याने केली त्याने डीफॉल्ट सोडून दिलं असणार. ३४० फाइली एकामागून एक वाचतो, एका फेरीला दोनशे मिलिसेकंद धरा, म्हणजे सव्वा मिनिटाच्या आसपास नुसतं वाचनात जातं. मागे लाइव्हनेस प्रोबचा (पॉड जिवंत आहे का ते बघणारी तपासणी) वेळ कमी होता तेव्हा पॉड वाचून पूर्ण व्हायच्या आतच मारला जायचा, परत उठायचा, परत मारला जायचा. आम्ही काय केलं? प्रोबचा वेळ वाढवला. :(

---

खारघरची_खार | २:१२

हसू की रडू!

---

डेटाचा_डबेवाला | २:३०

डेटा इंजिनिअरिंगवाल्यांकडून दोन गोष्टी.

हाइव्हमध्ये (मोठ्या डेटावर क्वेरी चालवणारं साधन) अॅव्हरो फॉरमॅटच्या टेबलाला स्कीमाची यूआरएल देता येते. पण त्यांच्याच दस्तऐवजात सावधान केलंय, की वेबसर्व्हरची यूआरएल दिलीत तर जॉबमधलं प्रत्येक टास्क निदान एकदा ती फाइल मागणार, म्हणजे तुमचाच जॉब तुमच्याच सर्व्हरवर हल्ला करणार. चाचणीपुरतं ठीक, पुढे जपून. आमच्या एका सहकाऱ्याने हे वाचलं नाही. पुढचं सांगायला नको.

उलट टोक म्हणजे गूगलची डेटा-सेवा बिगक्वेरी. तिथे कमांड लाइनवरून डेटा क्लाउड स्टोरेजमधून भरता येतो, पण स्कीमाची जेसन फाइल मात्र तुमच्या मशीनवरच असावी लागते, क्लाउड स्टोरेजमधली चालत नाही. पहिल्यांदा भयंकर राग आला होता. आता वाटतं, बरंच आहे. निदान कमांड चालवणाऱ्याच्या हातात काय आहे ते त्याला दिसतं.

---

सेमीकोलनसम्राट | २:४४

२०२०चं मान्य, चुकलो. पण मग एवढा घोळ कशाला? व्याख्या गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या ठेवणारं टूल) टाका, इमेजमध्ये (पॉड ज्यावरून उठतो ते पॅकेज) बांधा, विषय संपला. पॉड आणि स्कीमा एकाच डब्यात.

---

नाहूरकर | ३:०१

ग्राहक चाळीस आहेत हो. विरारच्या एका ग्राहकाला 'सोसायटीचा गेट नंबर' हवा म्हणून चाळिसांची इमेज नव्याने बांधायची? आणि रकाने ठरवतात ते इम्प्लिमेंटेशनवाले, त्यांना गिट येत नाही. दिवसाला दोन-तीन असे बदल असतात.

---

खारघरची_खार | ३:३५

सम्राटांचं उत्तर दहातल्या आठ टीमसाठी बरोबर आहे, आणि नाहूरकर बहुधा उरलेल्या दोनांत आहेत. बकेट ठेवा. फक्त एक नियम पाळा, बदल झाला की फाइलचं नाव बदललं पाहिजे, त्याच नावाखालचा मजकूर कधीच नाही.

म्हणजे असं. इम्प्लिमेंटेशनवाला फॉर्म भरेल, मागे सीआय (आपोआप तपासणारी आणि बांधणारी यंत्रणा) चालेल, व्याख्या तपासेल, एका ग्राहकाच्या सगळ्या व्याख्यांची एक गठडी करेल, तिचा शा-२५६ हॅश (मजकुरावरून निघणारा ठसा) काढेल आणि त्या हॅशच्याच नावाने बकेटमध्ये टाकेल. वर चढवताना 'हे नाव आधीच असेल तर नाकार' अशी अट घाला, एस-थ्रीत ती सोय ऑगस्ट २०२४ पासून आहे. कोणत्या ग्राहकाला कोणता हॅश, हे डिप्लॉयमेंटच्या कॉन्फिगमध्ये. पॉडला उठताना 'ताजं काय आहे?' असं विचारायची मुभाच नाही, त्याने 'अमुक हॅश दे' एवढंच मागायचं, आल्यावर स्वतः हॅश काढून जुळवायचा, जुळला नाही तर उठायचं नाही. ऑटोस्केलरने रात्री तीनला पॉड उठवला तरी तो बाकीच्यांसारखाच असेल. आणि गठडी बदलत नाही म्हटल्यावर ती डिस्कवर कायमची ठेवता येते, दर वेळी व्हर्जिनियाची वारी नको.

काफ्काच्या (संदेश वाहून नेणारी प्रणाली) स्कीमा रजिस्ट्रीतही हेच आहे. प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला एक शून्य बाइट आणि मग चार बाइटांचा स्कीमाचा क्रमांक. त्या क्रमांकाचा अर्थ पुढे बदलत नाही, म्हणून क्लायंट तो एकदाच विचारतो आणि लक्षात ठेवतो.

दुसरं, आणि हे मला पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं, पॉडने टेबलाला हात लावायचा नाही. ऑल्टर टेबल (टेबलाचे रकाने बदलणारी कमांड) चालवायला रोलआउटच्या आधी एकदाच पळणारा वेगळा जॉब. पॉडच्या डेटाबेस युजरकडे तो अधिकारच नको.

---

नाहूरकर | ३:५०

हॅशसाठी एस-थ्रीचा ईटॅग (प्रत्येक फाइलला तो देतो ती खूण) चालेल ना? आयताच मिळतो.

---

खारघरची_खार | ३:५४

नको. फाइल मल्टिपार्टने (तुकड्यातुकड्याने) चढली की ईटॅग हा मजकुराचा एमडी-५ हॅश नसतो, केएमएस एन्क्रिप्शन असलं तरी नसतो. आज जुळेल, उद्या फाइल मोठी झाली की फसेल.

---

गोरेगाव_पूर्व | सायं. ५:१५

पॉडने ऑल्टर चालवू नये याला +१००. तुम्ही पोस्टग्रेस डेटाबेस वापरत असाल तर थोडक्यात वाचलात. रकाना जोडणं पोस्टग्रेसमध्ये क्षणात होतं (११व्या आवृत्तीपासून साधी ठरावीक डीफॉल्ट किंमत दिली तरी पूर्ण टेबल नव्याने लिहिलं जात नाही), पण त्या क्षणापुरतं टेबलावर सगळ्यात कडक कुलूप लागतं. त्या वेळी कुणाचा लांबलचक रिपोर्ट चालू असेल तर ऑल्टर त्याच्या मागे उभं राहतं आणि ऑल्टरच्या मागे बाकी सगळ्या क्वेरी, अगदी साधं सिलेक्टसुद्धा. दादरच्या पुलावर एक माणूस बुटाची नाडी बांधायला वाकला की मागे जे होतं ते. म्हणून जॉबमध्ये लॉक टाइमआउट दोन-तीन सेकंदांचा ठेवा, नाही मिळालं कुलूप तर माघार, थोड्या वेळाने परत प्रयत्न.

मायएसक्यूएल असेल तर आणखी एक गंमत. तिथे ऑल्टरच्या आधी-नंतर आपोआप कमिट होतं, म्हणजे बदल पक्का होतो. पाच बदलांच्या फेरफारात तिसरा फसला तर पहिले दोन राहतात. पोस्टग्रेसमध्ये बहुतेक बदल एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घालता येतात, फसलं तर सगळंच मागे.

---

डेटाचा_डबेवाला | ५:४०

फेरफारांच्या फाइली बकेटमध्ये ठेवणार असाल तर यादीच्या क्रमावर विसंबू नका. एस-थ्री यादी अक्षरक्रमाने देतो, म्हणजे १० आधी, मग २. आमचा घरगुती लोडर नऊपर्यंत छान चालला. दहावी फाइल आली आणि नव्या डेटाबेसवर तो दुसऱ्याच्या आधी दहावा बदल करायला गेला. फ्लायवे आवृत्तीचे आकडे आकडे म्हणूनच वाचतो, त्याला हे होत नाही. यादी एका वेळी १०००च नावं देते, पुढचं पान मागावं लागतं, हेही घरगुती लोडर हमखास विसरतात.

आणि नोटपॅडमधून आलेला बॉम! फाइलच्या सुरुवातीला न दिसणारी तीन बाइट. पोस्टग्रेस म्हणतो 'सिंटॅक्स एरर', अवतरणचिन्हांत दाखवतो काहीच नाही. एक अख्खी दुपार गेली होती.

---

गिरगाव_चौपदरी | संध्या. ६:२०

मी एका बँकेत आहे (नाव विचारू नका). इथे कुणी सुरक्षेचं बोललंच नाही. सध्या तुमच्या बकेटमध्ये जो लिहू शकतो तो तुमच्या प्रॉडक्शन डेटाबेसचा मालक आहे. त्याला पासवर्ड नको, व्हीपीएन नको. फाइल टाकायची आणि पॉड उठायची वाट बघायची. डेटाबेसच्या अधिकारांचं ऑडिट तुम्ही करत असाल, बकेटच्या अधिकारांचं कधी केलंत? किती जणांना लिहिता येतं?

---

नाहूरकर | ६:४८

आत्ता बघितलं. एकोणीस. त्यातले चार कंपनी सोडून गेलेत.

---

सीप्झचं_जुनं_खोड | ६:५१

चला, धाग्याचं सार्थक झालं.

---

पांढरा_कांदा | ७:१०

नाव बदलायचं राहिलं. हॅश, जॉब सगळं केलंत तरी रोलआउट चालू असताना जुने-नवे पॉड काही मिनिटं एकत्र असणारच, तेव्हा थेट नाव बदललंत तर जुने कोसळतील. म्हणून तीन-चार फेरफार करायचे. आधी नवा रकाना जोडा. मग दोन्हीकडे लिहिणारी आवृत्ती सोडा आणि जुन्या ओळी भरून घ्या. नंतर वाचणारे नव्यावर न्या. सगळे सरकले याची खात्री झाल्यावर, आठवड्याने का होईना, जुना काढा. कंटाळवाणं आहे. पण मला विचाराल तर 'पिनकोड'चं नाव बदलायची गरज होती का, हा प्रश्न पहिला.

---

नाहूरकर | ७:१६

ग्राहकाच्या एक्सेलमध्ये तसं लिहिलं होतं. बस, एवढंच.

---

नाहूरकर | गुरुवार, रात्री १०:०५

अपडेट देतो, नाहीतर धागा लटकलेला राहील.

एकोणीसचे दोन झाले, त्यातला एक सीआय. ऑल्टरचा अधिकार पॉडच्या युजरकडून काढला, तासाभरात स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) तीन सर्व्हिस रडायला लागल्या. तिन्ही गुपचूप काही ना काही जोडत होत्या, त्यातल्या एकीबद्दल तर कुणालाच माहीत नव्हतं. गठडी आणि हॅशचं काम चालू आहे, सध्या सहा ग्राहक त्यावर आहेत, त्यांचे पॉड आता नऊ-दहा सेकंदांत उठतात. बकेट मुंबईत आणली. लेबलांवरचं नाव आणि डेटाबेसमधलं नाव यांची फारकत केली, एक्सेलमध्ये काहीही लिहा, आत 'पिनकोड' तो 'पिनकोड'च. साहेबांना सातबारा-फेरफार एका फटक्यात कळलं. ते मूळचे पेणचे, त्यांच्या जमिनीची केस अजून चालू आहे.

एक अडलंय. चाळिसांपैकी सात ग्राहकांचा डेटाबेस आणि बकेटमधली व्याख्या आत्ताच जुळत नाहीत. कुणीतरी कधीतरी हाताने रकाने टाकलेत. पहिली गठडी बांधताना खरं कोणाचं धरायचं?

---

पांढरा_कांदा | १०:२२

डेटाबेसचं. ताबा कुणाचा आहे ते आधी बघा, कागद मग जुळवा. त्या सात जणांचा आजचा स्कीमा डेटाबेसमधून उतरवून घ्या, तोच फेरफार क्रमांक एक.

---

आळशी_बगळा | १०:३०

वाखु (वाचनखूण) साठवली. आणि 'तोच' म्हणालात, म्हणजे पुल्लिंगी ठरलं.